बटाट्यातलं सायटोक्रोम आणि कमलाबाई

अंधेरीला उतरून वडापाव खाताय? मग त्यातल्या बटाट्याची गोष्ट ऐकाच. १९३३ साली कमला भागवत (हो, लेखिका दुर्गा भागवतांची बहीण!) बीएस्सी होऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेली. सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण काय, तर मुलगी! एवढा नोबेलविजेता माणूस, पण... ती अडून बसली. शेवटी वर्षभर प्रोबेशनवर घेतलं.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना तिला दिसलं, की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं. बारावीचं बायो आठवा. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाला, म्हणजे मेम्ब्रेनला लागून हे छोटं प्रोटीन हमालासारखं फिरतं, खेपेला एकच इलेक्ट्रॉन घेऊन. इलेक्ट्रॉनच्या या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. पटलातून ते असेतसे परत येऊ शकत नाहीत, ठरलेल्या दारानेच येतात, आणि येताना एटीपी बनतं. १९३९ला पीएचडी मिळाली. प्रबंध फक्त ४० पानांचा, आमच्या प्रोजेक्टहून बारीक!

लग्नानंतर सोहोनी झालेल्या कमलाबाईंनी मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवलं, नीरेवर संशोधन केलं. आणि आपल्या गोरेगावच्या आरेला दुधाचा दर्जा सुधारायचा सल्लाही दिला.