सेवासदनाच्या रमाबाई रानडे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

माझी धाकटी बहीण यंदा बारावीला, विज्ञान शाखेत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने घरात सांगून टाकले की, तिला नर्सिंगच्या पदवीला जायचे आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन तट पडले. अण्णांचे म्हणणे असे की, पोरीने रात्रपाळ्या करायच्या, परक्या माणसांच्या जखमा धुवायच्या, हे आपल्या घराला शोभत नाही. उद्या सोयरीक जुळवताना लोक नाके मुरडतील. चुलत्यांनी त्यांचीच री ओढली. माय काहीच बोलली नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून बहिणीने माझ्याकडे मोठ्या आशेने पाहिले. पण मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

सुट्टी संपली आणि ग्रंथालयात रमाबाई रानडे यांच्या चरित्राचे पुस्तक हाती आले. ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. पण आपल्या लक्षात राहिली ती परकर नेसलेली छोटी रमा. पतीच्या निधनानंतर, चाळिशी ओलांडल्यावर रमाबाईंनी जे काम केले ते मात्र मला ठाऊकच नव्हते. माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर नेमके तिथेच होते. म्हणून हा लेख.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे नाव यमुना. मुलींना अक्षर शिकवण्याची त्या घरात चाल नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, विधुर आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. हा मुलगा एखाद्या विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईने हे लग्न जुळवले आणि रानड्यांना वडिलांचा शब्द मोडवला नाही. बोलणे एक आणि करणे एक, अशी टीका त्यांच्यावर झाली, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

परंतु रानड्यांनी त्या मुलीला शिकवायचे ठरवले. दिवसभर घरकाम आणि रात्री पाटी, असा क्रम सुरू झाला. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला, कामाचा जादा बोजा, सारे काही रमाबाईंनी सोसले. उलट उत्तर द्यायचे नाही आणि पुस्तकही सोडायचे नाही, हे दोन्ही त्यांनी एकाच वेळी सांभाळले. मराठी झाल्यावर त्या इंग्रजी शिकल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, तेव्हा तिथेही त्या जाऊ लागल्या. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून झालेल्या खटपटीतही त्या पुढे होत्या. तेच हायस्कूल पुढे हुजूरपागा म्हणून नावाजले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानड्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्याही नव्हत्या आणि पदरी मूल नव्हते. त्या काळच्या विधवेने कोपऱ्यात बसून जपमाळ ओढावी एवढीच लोकांची अपेक्षा. काही काळ त्या खरोखरच घराबाहेर पडल्या नाहीत. मग मात्र त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. इस्पितळांत जाऊन रोग्यांजवळ बसू लागल्या, त्यांना फळे, फुले व पुस्तके देऊ लागल्या. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुण्याचे सेवासदन सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांचे त्यांना मोठे साहाय्य लाभले.

सेवासदनात लिहिणे-वाचणे, शिवणकाम, शिक्षिकेचे प्रशिक्षण असे वर्ग होते. या सर्वांत अवघड ठरला तो परिचारिकांचा वर्ग. ससून रुग्णालय पुण्यात १८६७ पासून होते. पण रोग्याची शुश्रूषा करण्याचे काम तेव्हा बहुतेक ख्रिस्ती बायकाच करीत. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातल्या बाईने परक्याचे मलमूत्र काढायचे, कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवायचे, रात्री घराबाहेर राहायचे, हे लोकांना सहन होणारे नव्हते. रमाबाईंनी आपल्या विद्यार्थिनी, त्यांतही तरुण विधवा, ससूनमध्ये शिकायला पाठवल्या. नुसते पाठवून त्या थांबल्या नाहीत. आपली मुलगी कुठे राहते, कोणाच्या नजरेखाली राहते, ही घरच्यांची खरी काळजी त्यांनी ओळखली आणि शिकणाऱ्यांसाठी वसतिगृहांची सोय केली. वर्ग उघडणे सोपे असते. बापाने मुलीला निर्धास्तपणे पाठवावे असे छप्पर उभे करणे कठीण असते.

यातील एक प्रसंग माझ्या मनात घर करून बसला आहे. सेवासदनाच्या वार्षिक समारंभात बक्षीस घ्यायला केशवपन केलेली एक तरुण विधवा साध्या सुती लुगड्यात व्यासपीठावर आली. ती येताच गॅलरीत बसलेल्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई संतापाने उभ्या राहिल्या. त्यांनी त्या तरुणांना विचारले की, तुम्ही कॉलेजात शिकता, पण तुम्हाला सुशिक्षित तरी कसे म्हणावे? ज्या अभागी मुलीची तुम्ही टर उडवता तशी कोणी तुमच्या घरात नाही काय? ती तुमची बहीण, आत्या किंवा आईही असू शकेल. सभागृह चिडीचूप झाले.

मित्रमैत्रिणींनो, गॅलरीत बसून हसणारे ते आपल्यासारखेच कॉलेजचे विद्यार्थी होते. आपल्या स्नेहसंमेलनात कोणाच्या साध्या कपड्यांवर, कोणाच्या गावाकडच्या बोलीवर मागच्या बाकांवरून जो हशा पिकतो, तो ऐकला की मला त्या गॅलरीची आठवण येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रमाबाईंच्या पाठीशी रानड्यांचे मोठे नाव होते, वाडा होता, वजन होते. शुश्रूषा त्यांनीच सुरू केली असेही नाही. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच गेल्या. आपल्या खेड्यांतल्या सुइणींनी तर पिढ्यान् पिढ्या बाळंतपणे केली; त्यांना मूठभर धान्य मिळाले, मान मिळाला नाही. रमाबाईंचे मोठेपण हे की, ज्या कामाला प्रतिष्ठित घरे हलके समजत, त्या कामाकडे त्यांनी त्याच घरांतल्या मुली पाठवल्या आणि ते शिकून करण्याचे काम आहे हे दाखवून दिले. इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेलला तिच्या श्रीमंत घरच्यांनी असाच विरोध केला होता. तिने १८६० साली लंडनला परिचारिकांची शाळा काढली. म्हणजे हा विरोध एका गावाचा किंवा एका देशाचा नव्हे.

रमाबाई १९२४ साली निवर्तल्या. तेव्हा पुण्याच्या सेवासदनात शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या एक हजारावर गेली होती. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आज या शिक्षणाची वाट पुष्कळ रुंद झाली आहे. आपल्या देशात नर्सिंगचे पदवी शिक्षण १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद निर्माण झाली. आता बारावी विज्ञाननंतर चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम असतो. शरीररचना, औषधे, पोषण, मानसशास्त्र हे विषय आणि शिवाय वॉर्डातले प्रत्यक्ष काम. पदवीनंतर राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदवले की ती नोंदणीकृत परिचारिका होते. वाट रुंद झाली, तरी उंबरठा तोच आहे. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात जे बोलले गेले, तेच दिवाळीत आमच्या ओसरीवर बोलले गेले.

संक्रांतीला गावी गेले तेव्हा रात्री जेवणे झाल्यावर मी रमाबाईंची ही सारी हकीकत घरात सांगितली. अण्णा गप्प होते. बोलली ती आज्जी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात आमच्या घराची माळवदाची भिंत तिच्या पायावर पडली होती. दवाखान्याच्या तंबूत एक नर्स रोज तिच्या पायाची पट्टी बदलायची, रात्री कंदील घेऊन विचारपूस करायची. तिची जात कोणती, ती कोणत्या गावची, हे आज्जीने कधी विचारले नाही. आज्जीने अण्णांना एवढेच विचारले की, त्या पोरीच्या बापाने तिला घरात बसवून ठेवले असते, तर माझा पाय राहिला असता का?

अण्णांनी अजून होकार दिलेला नाही. पण नकारही पुन्हा उच्चारला नाही. निघताना प्रवेश परीक्षेचा अर्ज कधी भरायचा असतो, एवढे त्यांनी मला हळूच विचारले. ती तारीख काढून कळवायचे काम माझ्याकडे आले आहे.

अकरा वर्षांच्या यमुनेने पाटीवर पहिले अक्षर काढले, तेव्हा त्याची रेघ इथवर येईल असे कोणाच्या मनातही आले नसेल. त्या माउलीच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.