विश्लेषण : ग्रंथपाल तरुणीला धूमकेतू कसा सापडला?

मुलांनी ग्रंथालयात दुर्बीण हाताळणे, ग्रहणाची वेळ मोजणे असे उपक्रम आता अनेक देशांत होतात. मारिया मिचेल यांनी हे सारे दोनशे वर्षांपूर्वी, महाविद्यालयात न जाता केले. त्या अमेरिकेतील पहिल्या व्यावसायिक महिला खगोलशास्त्रज्ञ मानल्या जातात.

बाराव्या वर्षी कोणते काम?

मारिया यांचा जन्म १ ऑगस्ट १८१८ रोजी नॅन्टकेट बेटावर झाला. देवमाशांच्या शिकारीवर जगणारे हे बंदर. रेखांश काढण्यासाठी जहाजांची मदार क्रोनोमीटर या अचूक घड्याळावर असे. ते ४ सेकंदांनी चुकले, तरी विषुववृत्तावर जहाजाची जागा सुमारे १.८ किलोमीटरने चुकते. वडील विल्यम ताऱ्यांचे वेध घेऊन ही घड्याळे तपासून देत. फेब्रुवारी १८३१ मधील कंकणाकृती सूर्यग्रहण ते दुर्बिणीतून पाहत असताना सेकंद मोजण्याचे काम मारिया यांच्याकडे होते. त्या नोंदीवरून घराचा रेखांश ठरवण्यात आला.

ग्रंथालयाचा उपयोग काय झाला?

१८३६ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या ‘नॅन्टकेट अथेनियम’च्या ग्रंथपाल झाल्या आणि सुमारे वीस वर्षे तिथे राहिल्या. वाचकांची वर्दळ नसे तेव्हा गणित आणि खगोलशास्त्राचे ग्रंथ वाचायचे, रात्री छतावर दुर्बीण लावायची, असा क्रम होता. वडील बँकेत नोकरीला लागल्यावर कुटुंब बँकेच्या इमारतीत राहू लागले. १ ऑक्टोबर १८४७ रोजी घरी पाहुणे असताना त्या छतावर गेल्या आणि ध्रुवताऱ्याच्या वर पाच अंशांवर त्यांना अंधूक ठिपका दिसला. तिथे आधी काही नव्हते, हे कळायला तेवढे आकाश पाठ असावे लागते!

पदकावरून वाद का झाला?

दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधणाऱ्यास डेन्मार्कचा राजा सुवर्णपदक देत असे. मात्र शोध तातडीने कळवण्याची अट होती. वडिलांनी हार्वर्डला पत्र पाठवले, पण बातमी युरोपात पोहोचण्याआधीच, ३ ऑक्टोबरला, रोममध्ये फादर दे विको यांनाही तोच धूमकेतू दिसला. हार्वर्डचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांनी मारिया यांची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे १८४८ मध्ये पदक त्यांना जाहीर झाले.

पुढे काय?

१८४९ पासून त्या सरकारी नाविक पंचांगासाठी शुक्राचे गणित करत. १८६५ मध्ये व्हॅसर महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या. प्रसिद्धी असूनही पगार पुरुष प्राध्यापकांपेक्षा बराच कमी होता. त्यासाठी त्यांना भांडावे लागले. विद्यार्थिनींकडून त्या सूर्यावरील डागांची छायाचित्रे काढून घेत. १८७८च्या सूर्यग्रहणासाठी माजी विद्यार्थिनींना घेऊन थेट डेन्व्हरला गेल्या. २८ जून १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची संस्था १९०२ मध्ये नॅन्टकेटवर स्थापन झाली. तिथे आजही मुलांसाठी विज्ञानाचे प्रत्यक्ष उपक्रम होतात आणि ‘अथेनियम’ आता सर्वांना खुले असलेले मोफत ग्रंथालय आहे.