ड्युशेन यांची विजेची पेटी

चेहऱ्याचा लकवा झालेल्या रुग्णाच्या गालावर फिजिओथेरपिस्ट ओलसर पॅड ठेवतात आणि यंत्राचे बटण हळूहळू फिरवतात. गालाचा स्नायू लयीत उडू लागतो. रुग्णाला मुंग्या आल्यासारखे वाटते, इतकेच. या यंत्रातून येणारा प्रवाह काही मिलिअँपिअरचाच असतो आणि तो सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो. अशा ठोक्यांनी शरीरातला एकेक स्नायू वेगळा तपासता येतो, हे वैद्यकाला दाखवून दिले गिओम ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरांनी.

ड्युशेन यांचा जन्म १८०६ मध्ये उत्तर फ्रान्समधील बुलोन या बंदराच्या गावी, दर्यावर्दी घराण्यात झाला. मुलाने मात्र समुद्राऐवजी वैद्यकाची वाट धरली. १८३१ मध्ये पॅरिसहून पदवी घेऊन ते गावी परतले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडे यांनी विद्युत प्रवर्तनाचा शोध लावला. पुढे ड्युशेन यांचे सारे काम या शोधावरच उभे राहणार होते.

गावातला संसार फार काळ टिकला नाही. पत्नीचे बाळंतपणानंतर निधन झाले. बाळंतपण ड्युशेन यांनी स्वतःच केले होते, त्यामुळे सासरच्यांनी दोष त्यांच्या माथी मारला आणि मुलगाही त्यांच्यापासून तोडला. या काळात ते त्वचेत सुया टोचून त्यातून वीज सोडण्याचा तेव्हाचा नवा उपचार करून पाहत होते. विजेने स्नायू आकसतो, हे त्यांच्या नजरेत भरले. १८४२ मध्ये ते पॅरिसला गेले ते कायमचेच.

सुयांनी इजा होई, शिवाय वीज आजूबाजूलाही पसरे. बॅटरीचा सलग प्रवाहही उपयोगाचा नव्हता. मज्जातंतू प्रवाहाला नव्हे, तर प्रवाहातल्या अचानक बदलाला प्रतिसाद देतो. सलग प्रवाह सुरू होताना आणि थांबताना स्नायू उडतो, मधल्या वेळात तो शांतच राहतो. उलट असा प्रवाह फार वेळ दिला तर त्वचा भाजते.

फॅरेडे यांच्या शोधाने यावर तोड निघाली. ड्युशेन यांच्या पेटीत बॅटरी, लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी आणि एक लवचिक पट्टी असे. पहिल्या वेटोळ्यात प्रवाह आला की गाभा चुंबक बनून पट्टीला ओढी आणि जोड तुटे. चुंबकत्व गेले की पट्टी मागे येऊन जोड पुन्हा लागे. दारावरची जुनी विजेची घंटी अशीच वाजते. प्रत्येक जोड-तोडीसरशी दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभराचा ठोका उमटे. त्याचा जोर आणि वेग कमी-जास्त करता येई. कोरड्या त्वचेवर वीज वरच्यावर राहते, ओल्या पॅडमधून ती खालच्या स्नायूपर्यंत पोहोचते, हेही त्यांनी हेरले. सुया सुटल्या.

पॅरिसमध्ये त्यांच्याकडे रुग्णालयातले कोणतेही पद नव्हते. पेटी घेऊन ते या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरत. काही डॉक्टर त्यांना हसत, पण ते रुग्णाचा पिच्छा सोडत नसत; एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेला तरी त्याला गाठत. या चिकाटीतून कोणता स्नायू कोणती हालचाल घडवतो, याचा नकाशा तयार झाला. मेंदूतल्या बिघाडाने लुळ्या पडलेल्या अवयवाचे स्नायू ठोक्याला प्रतिसाद देतात, मज्जातंतूच निकामी झाला असेल तर तो प्रतिसाद हरपतो, हा फरक निदानाला फार मोलाचा ठरला. १८५५ मध्ये त्यांनी हे सारे ग्रंथरूपात मांडले.

१८६२ मध्ये चेहऱ्यावरच्या भावांचे त्यांचे पुस्तक छायाचित्रांसह आले. मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, हे त्यांनी त्यात दाखवले. चार्ल्स डार्विन यांनीही ही छायाचित्रे वापरली.

त्यांचे नाव आज मुख्यतः घेतले जाते ते मुलग्यांना होणाऱ्या ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीमुळे. पोटऱ्या भरदार दिसतात, पण मुलाला जिना चढवत नाही आणि पुढे चालणेही थांबते. १८६८ मध्ये त्यांनी अशा १३ रुग्णांचे सविस्तर वर्णन केले. खास सुईने जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कण काढून, त्यात स्नायूच्या जागी चरबी व तंतू साचल्याचे दाखवले. मात्र विजेच्या ठोक्यांनी हा आजार बरा होत नाही. दोष जनुकात आहे. डिस्ट्रॉफिन हे त्यातले कमी पडणारे प्रथिन १९८७ मध्ये ओळखले गेले. अचूक निदान हीच ड्युशेन यांची या मुलांसाठीची मोठी देणगी.

उतारवयात मुलगा त्यांच्याकडे परतला, डॉक्टर झाला, पण तरुणपणीच विषमज्वराने गेला. १८७५ मध्ये ड्युशेन यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. थोर मेंदूविकारतज्ज्ञ शार्को त्यांना गुरू मानत.

थरथरणाऱ्या पट्टीचे काम आज काही रुपयांची टायमर चिप करते. रेझिस्टरमधून कपॅसिटर भरतो, ठरावीक पातळीला चिप तो रिकामा करते, आणि हे चक्र सतत चालू राहून ठोके मिळत राहतात. मंडळ इतके सोपे असले तरी ते घरी जोडून अंगाला लावू नये. घरातल्या विजेचा पन्नास-शंभर मिलिअँपिअरचा प्रवाह छातीतून गेला तर जीव जाऊ शकतो. पेसमेकर असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तयार यंत्रही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. छातीवर किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड कोणीच लावू नयेत.