न्यूनगंडाचा वैद्य : डॉ. आल्फ्रेड अ‍ॅडलर

'न्यूनगंड' हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे, की तो आला कुठून याचा विचार कुणी करत नाही. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला न्यूनगंड आहे, असे आपण सहज म्हणून जातो. याच अंकाच्या कन्नड विभागातले आमचे मित्र त्याला 'कीळरिमे' म्हणतात. मराठी माध्यमात शिकून मी कॉमर्सला आलो, तेव्हा पहिले सहा महिने मी स्वतःच त्याचा चालताबोलता नमुना होतो. वहीतले उत्तर बरोबर असे. पण उभे राहून ते इंग्रजीत सांगायची छाती होत नसे. त्यामुळे ही कल्पना जगभर रुजवणाऱ्या माणसाचे चरित्र हाती आले, तेव्हा ते मी एका बैठकीत वाचून काढले. मित्रहो, ते तुम्हालाही सांगावेसे वाटते.

आल्फ्रेड अ‍ॅडलर यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८७० रोजी ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाच्या एका उपनगरात झाला. वडील धान्याचे व्यापारी, कुटुंब ज्यू, घरात पुष्कळ भावंडे. लहानपणी त्यांना मुडदूस झाला होता. थोरला भाऊ धडधाकट. तो उड्या मारी आणि धाकटा आल्फ्रेड बाकावर बसून त्याच्याकडे पाहत राही. पुढे त्याच्याहून लहान भाऊ शेजारच्याच बिछान्यात मरण पावला. पाचव्या वर्षाच्या सुमारास आल्फ्रेडला न्यूमोनिया झाला आणि डॉक्टरांनी आशा सोडली. त्यातून तो वाचला आणि आपणही डॉक्टर व्हायचे, असे त्या पोराने मनाशी ठरवून टाकले.

शाळेत मात्र गणिताने दगा दिला. त्यांच्या चरित्रात असे सांगतात, की मास्तरांनी वडिलांना बोलावून मुलाला चांभाराच्या हाताखाली घालण्याचा सल्ला दिला. वडिलांनी तो मानला नाही. त्यांनी मुलाला धीर दिला, मुलगा जिद्दीला पेटला आणि पुढे त्याच विषयात वर्गात चमकला. ही हकिगत वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीतला एक मुलगा आला. तो नववीत नापास झाला आणि घरच्यांनी त्याला दुसऱ्याच दिवशी दुकानात बसवले. त्याच्या वाट्याला मास्तरांचा सल्ला आला, पण आल्फ्रेडच्या वडिलांसारखा धीर आला नाही.

१८९५ साली अ‍ॅडलर व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टर झाले. १८९७ मध्ये त्यांनी रशियाहून शिकायला आलेल्या रायसा एप्स्टाइन या करारी, समाजवादी विचारांच्या तरुणीशी विवाह केला. १८९८ मध्ये त्यांनी शिंपीकाम करणाऱ्यांच्या आरोग्यावर एक पुस्तिका लिहिली. कोंदट जागा, अपुरा उजेड, कामाचे लांबलचक तास यांतून कारागिराला रोग कसे जडतात, हे त्यांनी तीत दाखवले. माणूस ज्या परिस्थितीत राहतो ती पाहिल्याशिवाय त्याचा आजार कळत नाही, ही त्यांची दृष्टी तेव्हापासूनची.

१९०२ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यांना आपल्या बुधवारच्या चर्चामंडळात बोलावले. नऊ वर्षे ते तेथे होते. पण माणसाच्या साऱ्या दुःखाचे मूळ कामवासनेत शोधणे त्यांना पटेना. १९११ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचे मंडळ काढले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक मूल मोठ्या माणसांच्या जगात लहान व दुबळे म्हणूनच जन्माला येते. कमीपणाची भावना सर्वांनाच असते आणि तीच माणसाला धडपडायला लावते. मात्र आपल्या हातून काहीच होणार नाही अशी खात्री होऊन मूल प्रयत्नच सोडते, तेव्हा त्या भावनेचा गंड बनतो. मग कोणी गप्प बसते, कोणी खोड्या काढते, कोणी आजारी पडते. अ‍ॅडलर यांच्या मते असे मूल वाईट नसते, त्याचा धीर सुटलेला असतो.

पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी इस्पितळांत डॉक्टर म्हणून काम केले. युद्ध संपले तेव्हा व्हिएन्ना उपासमारीने पोळले होते. वडील रणांगणावर गेलेली, रस्त्यांवर भटकणारी पोरे जागोजागी दिसत. नगरपालिका समाजवादी पक्षाच्या हाती आली आणि शाळांच्या सुधारणेला जोर चढला. याच काळात अ‍ॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी सल्ला-केंद्रे सुरू केली. हीच त्यांच्या आयुष्यातली खरी कामगिरी, असे मला वाटते.

या केंद्रांची रीत निराळी होती. श्रीमंत रोग्याने बंद खोलीत कोचावर पडून बोलावे, असा हा प्रकार नव्हता. शाळेच्याच इमारतीत संध्याकाळी शिक्षक व पालक जमत. फी नसे. आधी शिक्षक मुलाची हकिगत सांगत. मग आईवडिलांना बोलावून अ‍ॅडलर त्यांच्याशी बोलत. त्यांना दोष देण्याचे ते कटाक्षाने टाळत, कारण दुखावलेले आईबाप घरी जाऊन मुलावरच राग काढणार! शेवटी मूल येई. त्याच्याशी ते मित्रासारखे, मोजके बोलत. भावंडांत तुझा नंबर कितवा, लहानपणची अगदी पहिली आठवण कोणती, असे ते विचारत. या वागण्यातून मुलाला घरात काय मिळते, कुणाचे लक्ष वेधले जाते, याचा ते शोध घेत. धाकटे भावंड आल्यावर गादीवरून उतरवलेल्या राजासारखे रुसलेले थोरले मूल त्यांनी ओळखले. आईने जराही हातावेगळे न केलेले लाडके मूलही ओळखले. मग शिक्षकाला आणि आईला एखादी छोटीशीच गोष्ट करायला सांगत : याला जमेल असे काम द्या आणि ते त्याने केले की दखल घ्या. ऐकणारे शिक्षक हीच रीत आपापल्या वर्गात नेत. सुमारे तीस केंद्रे या पद्धतीने उभी राहिली.

नवराबायकोच्या संसाराविषयीही त्यांनी लिहिले. काम, समाज आणि प्रेम ही आयुष्याची तीन कामे, असे ते मानत. संसार हे दोन बरोबरीच्या माणसांनी मिळून करायचे काम. एक वरचढ आणि दुसरा दबलेला असेल तर त्याची झळ मुलांना बसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांचा स्वतःचा संसार मात्र सरळ चालला नाही. १९२६ पासून त्यांच्या अमेरिकेच्या फेऱ्या वाढल्या आणि रायसाबाई बराच काळ व्हिएन्नातच राहिल्या. भावंडांतल्या क्रमावरून स्वभाव ठरतो, ही त्यांची मांडणीही पुढच्या संशोधनात फारशी टिकलेली नाही. अर्थात नुसत्या क्रमापेक्षा मुलाची घरातली परिस्थिती महत्त्वाची, हे त्यांनी स्वतःही बजावले होते.

१९३४ साली ऑस्ट्रियात हुकूमशाही आली आणि ही केंद्रे बंद पडली. मुलाला निर्भयपणे बोलायला शिकवणारी जागा हुकूमशहाला कशी खपणार? १९३५ मध्ये रायसाबाईही अमेरिकेला आल्या. थोरली मुलगी व्हॅलेंटिन रशियात होती. १९३७ मध्ये तिची वार्ता येईनाशी झाली आणि बापाचा जीव टांगणीला लागला. अशा मनःस्थितीतच ते स्कॉटलंडमध्ये व्याख्यानांना गेले. २८ मे १९३७ रोजी सकाळी अ‍ॅबरडीनच्या रस्त्यावर फिरताना ते कोसळले आणि हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. मुलगी तुरुंगात पडली होती आणि पुढे बंदिवासातच वारली, हे त्यांना कधीच कळले नाही. त्यांच्या अस्थी एडिंबरोत विस्मृतीत पडून होत्या. २००७ मध्ये त्यांचा शोध लागला आणि २०११ मध्ये त्या व्हिएन्नाला परत नेण्यात आल्या. त्यांचे काम मात्र अस्थींसारखे विसरले गेले नाही. त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी ते शिकागोत नेले आणि आज मुलांना व कुटुंबांना सल्ला देणारे अनेक जण कळत-नकळत त्याच वाटेने जातात.

हे चरित्र वाचल्यावर मी त्या दुकानातल्या मुलाकडे जाऊ लागलो. दुकानाचा तोंडी हिशेब तो माझ्याआधी करतो. परीक्षेचे नाव काढले की मात्र अंग चोरतो. पहिले काही दिवस मी पुस्तक उघडलेच नाही. त्याच्याकडून उधारीच्या वहीतले व्याज कसे काढायचे ते शिकून घेतले. मग एके दिवशी त्यानेच गणिताचे पुस्तक मागितले. यंदा त्याने बाहेरून दहावीचा फॉर्म भरला आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. पण फॉर्मवर सही करताना त्याचे वडील शेजारी उभे होते आणि त्यांनी विचारले, की पुस्तके कुठे मिळतात.

— बी. कॉम. भाग दोन