महात्मा जोतीराव फुले : पीडितांचे पाठीराखे

सत्य बोलणे कठीण आहे. परंतु सत्य बोलल्यामुळे ज्याचा छळ होत आहे, अशा मनुष्याच्या शेजारी जाऊन उभे राहणे त्याहूनही कठीण आहे. ही दोन्ही कामे एकाच जन्मात करणारी माणसे विरळाच. आपल्या पुणे शहरात असा एक पुरुष होऊन गेला, आणि त्याचे नाव महात्मा जोतीराव गोविंदराव फुले. जोतीरावांच्या शाळांची व ग्रंथांची माहिती आमच्या विद्यार्थी वाचकांस पाठ्यपुस्तकांतून झालेली असेलच. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राच्या या दुसऱ्या अंगाकडे आम्ही विशेष लक्ष देण्याचे योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म इ. स. १८२७ साली झाला. त्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुढे पुण्यास येऊन फुलांचा व्यवसाय केल्यामुळे ते फुले झाले. जोतीराव अगदी तान्हे असतानाच त्यांची माता चिमणाबाई वारली व सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांचा सांभाळ केला. माळ्याच्या मुलास विद्या कशाला, अशा लोकांच्या बोलण्यास भुलून वडिलांनी त्यांना शाळेतून काढले होते. परंतु गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली मुलगा पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. दोन शेजाऱ्यांनी वेळेवर तोंड उघडले नसते, तर महाराष्ट्र एका महात्म्यास मुकला असता, हे आमच्या वाचकांतील पालकवर्गाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

१८४८ साली जोतीरावांनी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही पुढे शाळा निघाल्या. सनातनी समाजास हे रुचले नाही. शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल व शेण फेकण्यात आले. लोकांच्या धाकाने गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. अशा वेळी जे थोडे लोक त्यांच्या बाजूस राहिले, त्यांत सदाशिवराव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर व सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्र होते, तसेच मुले गोळा करून आणणारे लहुजीबुवा मांग व राणबा महार हेही होते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. तथापि त्यामुळे द्वेष शमला नाही.

१८५६ साली तर त्यांच्या जिवावरच बेतले. रोडे व धोंडिराम नामदेव कुंभार या दोघांस पैशाची लालूच दाखवून मारेकरी म्हणून रात्री त्यांच्या घरी पाठविण्यात आले. जोतीराव जागे झाले, त्यांनी दोघांची शांतपणे विचारपूस केली, आणि माझ्या मरणाने तुमचा लाभ होत असेल तर माझी हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. मारेकऱ्यांची शस्त्रे गळून पडली. पुढे रोडे हा जोतीरावांचा अंगरक्षक झाला व धोंडिराम विद्या शिकून सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता बनला. ज्यांनी त्यांना पाठविले, ते मात्र पडद्याआडच राहिले. छळ करविणारा बहुधा स्वतः पुढे येत नाही, गरिबाच्या हाती काठी देतो, ही गोष्ट या प्रसंगावरून दिसून येते.

आता आम्ही चरित्राच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. भटजीवाचून लग्न लावण्याची या समाजाची रीत अनेकांस असह्य झाली. १८७४ सालच्या मे महिन्यात हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांचे लग्न मोडून टाकण्याचा मोठा प्रयत्न झाला. तेव्हा जोतीरावांनी पोलिसांचा बंदोबस्त मिळवून ते निर्विघ्नपणे पार पाडले. केवळ उपदेश करून अनुयायांना संकटात लोटणे त्यांना मान्य नव्हते. उपदेशाबरोबर रक्षणाची जबाबदारीही ते आपल्या शिरावर घेत.

दुसऱ्याच वर्षी स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांची मिरवणूक काढण्याचे ठरले. विरोधकांनी तिची विटंबना करण्याची तयारी केली. महादेव गोविंद रानडे यांनी जोतीरावांकडे साहाय्य मागितले. वेद हे ईश्वरप्रणीत आहेत, हे दयानंदांचे मत जोतीरावांस मुळीच मान्य नव्हते. तरीही ते आपल्या माणसांसह मिरवणुकीत सामील झाले. त्या दिवशी रस्त्यात चिखलफेक व दगडफेक झाली, खुद्द रानड्यांच्या अंगावरही चिखल उडाला. पण मिरवणूक थांबली नाही.

लाचलुचपतीविषयी जोतीरावांस जी चीड होती, ती अनुभवातून आलेली होती. त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली होती, त्यामुळे सरकारी कामात पैसा कोठे कसा मुरतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात, अडाणी शेतकऱ्यास कचेरीतील कारकुनापासून वरपर्यंत कसे नाडले जाते, याचे त्यांनी सविस्तर वर्णन केले. त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधू' पत्रात प्रसिद्ध झाले. पुढचे छापण्याचे धैर्य त्या पत्रास झाले नाही. पत्र आपल्याच पक्षाचे असले तरी जोतीरावांनी त्याच्या भित्रेपणाबद्दल त्यास खडसावण्यास कमी केले नाही. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. गव्हर्नर जनरलांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा तो पैसा लोकशिक्षणाकडे लावावा असे म्हणून विरोध करणारे ते एकटेच निघाले. शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हाही त्यांनी लेखी हरकत घेतली.

परंतु आमच्या मते जोतीरावांच्या मनाची थोरवी सर्वांत अधिक दिसते ती १८८२ सालच्या एका प्रसंगात. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा तेथील कारभारी छळ करतात, असा आरोप 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी केला. दिवाण बर्वे यांनी बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केला, ती बनावट ठरली, आणि दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. खटल्याच्या वेळी जामिनासाठी दहा हजार रुपयांची गरज पडली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तेव्हा जोतीरावांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांस पुढे केले व जामीन दिला गेला. 'केसरी'च्या संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'त जोतीरावांची कठोर शब्दांत चेष्टा केली होती, ही गोष्ट सर्व पुण्यास ठाऊक होती. जोतीरावांनी तिचा हिशेब मनात ठेवला नाही. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते दोघे २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले, तेव्हा त्यांचे स्वागत करणाऱ्यांत सत्यशोधक मंडळीही होती. दुसऱ्याचे मत पटो वा न पटो, लेखणी चालविल्याबद्दल कोणी एकाकी पडू नये, हा धडा या प्रसंगाने घालून दिला.

स्त्रियांच्या बाबतीतही त्यांचे वर्तन असेच होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिले व त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्यावरही निंदेचा वर्षाव झाला. १८८५ साली 'सत्सार' या छोट्या पुस्तिकांत जोतीरावांनी दोघींचा पक्ष निर्भयपणे घेतला. ताराबाईंची चेष्टा करणाऱ्यांत आपल्या बाजूचे लोक होते, त्यांचीही त्यांनी गय केली नाही.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला; तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचा देहान्त झाला. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी तंटा उपस्थित केला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे चालू लागल्या. सावित्रीबाईंनी त्यानंतरही समाजाचे काम सोडले नाही, आणि १८९७ सालच्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्या निवर्तल्या.

हे सर्व जुने झाले, असे कोणी समजू नये. जमिनीच्या व्यवहारांतील गैरप्रकार माहितीच्या अधिकाराने उघडकीस आणणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजी पुण्याजवळील तळेगाव दाभाडे येथे मारले गेले. अंधश्रद्धेविरुद्ध झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्याच पुलावर सकाळी फिरायला गेले असता गोळ्यांना बळी पडले. लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९८ रोजी जाहीर केले आहे. असे जाहीरनामे व कायदे अवश्य हवेत. पण मारेकरी दाराशी येईपर्यंत त्या मनुष्यास एकटे कोणी पाडले, हा प्रश्न शेजाऱ्यापाजाऱ्यांसही विचारला पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, गंज पेठेतील जोतीरावांचा वाडा आजही आहे व त्या पेठेस त्यांचेच नाव आहे. तो वाडा एकदा अवश्य पाहून या. तेथून परतल्यावर, आपल्या वर्गात खरे सांगितल्याबद्दल ज्याला सर्वजण टाळतात, असा एखादा मुलगा वा मुलगी असेल, तर त्याच्या बाकावर जाऊन बसा. आणि पालकहो, आपले मूल असे बसले तर त्यास रागे भरू नका. गफार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनी एके काळी एवढेच केले होते.