रूडॉल्फ ग्लेसर : हुमणीवर सूत्रकृमी सोडणारे शास्त्रज्ञ

हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची पांढरट, वळलेली अळी. ती जमिनीत राहून मुळे खाते आणि पीक पिवळे पडेपर्यंत तिचा पत्ता लागत नाही. अशाच एका अळीने अमेरिकेतील हिरवळी उद्ध्वस्त केल्या, तेव्हा रूडॉल्फ विल्यम ग्लेसर (१८८८–१९४७) यांनी तिचा मातीतलाच शत्रू कामाला लावला.

ग्लेसर हे कीटकांच्या रोगांचे अभ्यासक होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या बसी संस्थेत त्यांनी जिप्सी पतंगाच्या अळ्यांना होणाऱ्या विषाणुजन्य रोगाचा अभ्यास केला. पुढे ते प्रिन्स्टन येथे रॉकफेलर संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करू लागले.

१९१६ मध्ये न्यू जर्सी राज्यात रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत जपानी भुंगेरा आढळला. जपानमध्ये त्याला आवर घालणारे शत्रू अमेरिकेत नव्हते, त्यामुळे तो झपाट्याने पसरला. प्रौढ भुंगेरे पाने-फुले खात, तर अळ्या गवताची मुळे. मुळे तुटलेली हिरवळ सतरंजीसारखी उचलून गुंडाळता येई.

१९२९ मध्ये हॅडनफिल्डजवळच्या टॅव्हिस्टॉक गोल्फ मैदानात ग्लेसर आणि हेन्री फॉक्स यांना मेलेल्या अळ्यांमध्ये सूक्ष्म सूत्रकृमी सापडले. स्टायनर या सूत्रकृमितज्ज्ञांनी या जातीला ग्लेसर यांचे नाव दिले. आज ती स्टायनरनेमा ग्लासेरी म्हणून ओळखली जाते.

शेतात सोडायचे तर सूत्रकृमी प्रचंड संख्येने हवेत. १९३१ मध्ये ग्लेसर यांनी मांसाचा अर्क घातलेल्या आगारावर यीस्ट पसरून ते काचेच्या बशीत वाढवले. परजीवी सूत्रकृमी यजमानाच्या शरीराबाहेर वाढवण्याचे हे पहिले यश मानले जाते. त्यानंतर न्यू जर्सीत ठिकठिकाणी चाचण्या झाल्या. पण निकालांत मोठी तफावत होती : कुठे एक टक्क्याहूनही कमी अळ्यांना लागण झाली, तर कुठे ८१ टक्के. शिवाय बशीत काही पिढ्या गेल्या की सूत्रकृमींची प्रजननक्षमता घटे.

एक महत्त्वाची गोष्ट ग्लेसर यांना ठाऊक नव्हती. हा सूत्रकृमी एकटा शिकार करत नाही. त्याच्या आतड्यात विशिष्ट जिवाणू असतात. अळीच्या शरीरात शिरल्यावर तो ते बाहेर सोडतो. जिवाणू अळीला लवकर मारतात आणि तिचे शरीर सूत्रकृमीचे अन्न बनते. ग्लेसर मात्र जिवाणूंना संसर्ग समजून ते संवर्धनातून काढून टाकत. त्यामुळे सूत्रकृमी आपल्या मुख्य साथीदाराविनाच मैदानात उतरत.

१९४० च्या दशकात अळ्यांना दुधी रोग करणारा जिवाणू वापरात आला आणि पाठोपाठ डीडीटीसारखी स्वस्त कीटकनाशके आली. सूत्रकृमींचे काम मागे पडले. १९४७ मध्ये ग्लेसर यांचे निधन झाले. १९६० च्या दशकात जिवाणूंची भूमिका स्पष्ट झाली, तर रासायनिक कीटकनाशकांचे दुष्परिणाम दिसू लागल्यावर त्यांच्या कल्पनेला पुन्हा महत्त्व आले.

आज हिरवळीतील अळ्यांसाठी सूत्रकृमी विकत मिळतात. भारतात उसाच्या हुमणीवर हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात वापरतात. ऊन आणि कोरडी माती त्यांना मारक ठरते, म्हणून ते संध्याकाळी, ओल्या जमिनीत सोडायचे असतात. आता ते जिवाणूंसह वाढवले जातात.