रमाबाईंचा अभ्यास

गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळात पंडिता रमाबाईंवर बोलायचं माझ्यावर आलं. शाळेत शिकलेलं तेवढं आठवत होतं. शारदा सदन, मुक्ती सदन, विधवांसाठी काम. दहा मिनिटं बोलले आणि खाली बसणार, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, ''पण त्या तर बाटल्या होत्या ना गं?'' सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगते मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. कारण माझ्याही मनात कुठेतरी तोच प्रश्न होता, फक्त मी तो सभ्य शब्दांत झाकून ठेवला होता.

घरी आले ती अस्वस्थ होऊनच. मग ग्रंथालयातून मिळतील ती पुस्तकं आणली आणि दुपारची झोप सोडून वाचत बसले. वाचता वाचता लक्षात आलं, की 'बाटल्या' या एका शब्दात आपण जे उडवून लावतो, तो या बाईचा चाळीस वर्षांचा अभ्यास होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. त्याच आईने पुढे रमाबाईंना शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक या मुलीला तोंडपाठ! कुटुंब गावोगाव फिरायचं, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. राहिली ती दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पायी हजारो मैल तुडवत ती १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

कलकत्त्यातलीच एक गंमत त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी या बहीणभावांना एका प्रार्थनेला बोलावलं. सगळे लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. या दोघांना वाटलं, हे लोक खुर्चीचीच पूजा करतात की काय! निघताना त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. रमाबाईंनी ते उघडून पाहिलं, पण त्यातलं संस्कृत त्यांना इतकं परकं वाटलं, की हे वाचण्यात वेळ कोण घालवणार म्हणून बाजूला ठेवलं. हा प्रसंग लक्षात ठेवा बरं का, पुढे लागणार आहे.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. सिलचरच्या त्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं होतं. ते मात्र त्यांनी आवडीने वाचलं.

तेवीस-चोवीस वर्षांची विधवा, कडेवर लहान मुलगी. त्या पुण्याला आल्या. तिथे आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, इंग्रजीचे धडे घेतले. डॉक्टर व्हायचं मनात होतं. पुस्तकाच्या पैशांतून बोटीचं भाडं भागवून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजला सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात उतरल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. तिने तिथेच आत्महत्या केली. परक्या मुलखात रमाबाईंवर काय गुजरलं असेल, त्याचा विचार मला करवत नाही. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टरकी राहिली. मग १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः गणित, शास्त्र, इंग्रजी साहित्य शिकायच्या. शिक्षिकाही आणि विद्यार्थिनीही! प्राचार्य होत्या डोरोथिया बील. रमाबाई जन्मल्या त्याच १८५८ साली त्या या कॉलेजच्या प्राचार्य झाल्या होत्या. तेव्हा ऑक्सफर्डमध्येसुद्धा बायकांना पदवी मिळत नव्हती, ती मिळाली १९२० साली. अशा काळात मुलींना खरंखुरं शिक्षण द्यायचं, हा बीलबाईंचा ध्यास होता.

कॉलेजातल्या बाकीच्या विषयांबरोबर रमाबाई ख्रिस्ती धर्मही अभ्यासत होत्या आणि खरी गोष्ट इथेच सुरू होते. आपल्याला वाटतं, बाप्तिस्मा घेतला म्हणजे संपलं, सांगतील ते मान्य. पण ही बाई शास्त्री घराण्यातली! वादविवाद ऐकत वाढलेली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे बायबलमध्ये नेमकं कुठे लिहिलंय ते दाखवा, असं त्या विचारायला लागल्या. येशू कुमारिकेच्या पोटी जन्मला हे त्यांना पटेना. मूळ ग्रंथात काय आणि नंतरच्या धर्मगुरूंनी घातलेलं काय, हे वेगळं करून द्या, असा हट्ट. ज्या भगिनी जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या होत्या, ज्यांना रमाबाई प्रेमाने आजीबाई म्हणायच्या, त्यांना हा गर्विष्ठपणा वाटला. रमाबाईंचं म्हणणं असं, की एका पुरोहितवर्गाच्या हुकमतीतून मी आत्ता कुठे सुटलेय, आता दुसऱ्याच्या हाताखाली मान घालणार नाही.

साध्या साध्या गोष्टींवरून खटके उडायचे. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खायच्या नाहीत. आजीबाईंना वाटायचं, जातीचा अभिमान अजून गेला नाही. गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, माझ्या देशात लॅटिन कुणाला कळतं? संस्कृत घाला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर इकडच्या बिशपांनी मोडता घातला. हिंदुस्थानात काय म्हणतील! कलकत्त्यात पंडितांच्या भरसभेत बोललेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमालच. रमाबाई चांगल्याच भडकल्या. मला तर वाचताना हसूही आलं आणि टाळी वाजवावीशीही वाटली.

बीलबाईंनी मात्र त्यांना ओळखलं. परंपरेने सांगितलं म्हणून ही मानणार नाही, तिच्या बुद्धीला आणि मनाला पटलं पाहिजे, हे त्यांनी भगिनींना कळवलं. रमाबाईंना त्या पत्रांतून उत्तरं देत राहिल्या, रागावल्या नाहीत. विद्यार्थिनीने उलट प्रश्न विचारले तर तिला उद्धट न समजणारी शिक्षिका मिळणं, हे केवढं भाग्य! आपल्यापैकी किती जणींना मिळालं? मी बी. ए. केलं ते नोट्स पाठ करून. प्रश्न विचारावा असं कधी वाटलं नाही, आणि वाटलं तरी तोंड उघडलं नाही.

गंमत म्हणजे इकडे महाराष्ट्रात नेमका उलटा गलका चालला होता. धर्म सोडला म्हणून लोक त्यांना दूषणं देत होते. जोतिराव फुले मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे इथल्यांना त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या आणि तिथल्यांना पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. मधल्या मध्ये एकटी बाई, पदरात मूल.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. पुढचं आपल्याला माहीत असतं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन, मग ते पुण्याला. गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, तिथल्याच. १८९३ मध्ये मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून वादळ उठलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं आणि कित्येक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. इथे माझं मन अजूनही दुभंगतं. आईवडिलांची भीती मला समजते. कोवळ्या, निराधार मुलींवर अशा बाईंचा प्रभाव पडणारच. पण ज्या घरांत त्या मुली परत गेल्या, तिथे त्यांचं काय झालं असेल, हेही डोळ्यांपुढून हलत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः फिरून उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे-सोलापूर मार्गावरच्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० पर्यंत तिथे दोनेक हजार जणी होत्या. तोवर रमाबाईंच्या श्रद्धेतही फरक पडला होता. वादाचे प्रश्न मागे पडून ती मनापासूनची भक्ती झाली होती. पण अभ्यास सुटला नाही. पन्नाशीच्या आसपास, एवढा संसार सांभाळून, त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. मूळ भाषांतून बायबल मराठीत आणायचं, तेही खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल अशा मराठीत. कलकत्त्यात बाजूला ठेवलेलं ते संस्कृत बायबल आठवलं ना?

हे काम जवळपास अठरा वर्षं चाललं. कान आणखी मंद झाले. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, आईच्या डोळ्यांदेखत. तरी रमाबाई प्रुफं तपासतच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातही तिथल्याच बायकांचे होते.

आता काकूंना मंडळात काय सांगायचं ते मी ठरवलंय. पुस्तकच नेऊन त्यांच्या हातात देणार आहे. चष्मा घेऊन या म्हणावं.